माल्कमपेठ कुणाची?



दर साली एखाद्या गुळगुळीत दिवाळी अंकात महाबळेश्वरवर लेख येतो. धुकं येतं, मध येतो, स्ट्रॉबेरी येते, नवं लग्न झालेलं जोडपं येतं. माल्कमसाहेब तर येतोच येतो. माणूस मात्र येत नाही. म्हणजे ओझं वाहणारा माणूस.

मी तिथं गेलो तो हवा खायला नव्हे. १९७८ चा उन्हाळा. दहावी झालेली, आमच्या जतकडं पाण्याची बोंब, घरात ज्वारीचा दाणा नाही. ओळखीच्या एकानं एका हॉटेलात चिकटवून दिलं. कपबशा विसळायच्या, टेबलावर पाणी द्यायचं. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी मॅनेजर म्हणाला, 'आडनाव काय रं तुझं?' सांगितलं. सहाव्या दिवशी हातात खराटा अन् फिनेलची बाटली. 'तुला हे काम जमंल,' म्हणाला. ओरडला न्हाय, शिवी दिली न्हाय. हसून म्हणाला. तो सगळा सीझन मी पाहुण्यांचे संडास धुतले.

पॉइंट बघायला एकदाच गेलो. एल्फिन्स्टन, लॉडविक, बॅबिंग्टन, ऑर्थर. सगळे साहेब कड्यावर नावानं उभे. केट म्हणजे माल्कमची पोरगी, तिच्याही नावाचा कडा! त्याला आधी गावचे लोक नाकेखिंड म्हणत. नाव पुसायला साहेबाला फार दिवस लागले नाहीत अन् परत लिहायला आपल्याला वेळ नाही.

माल्कम म्हणजे मुंबईचा गव्हर्नर. १८२९ साली त्यानं सातारच्या प्रतापसिंह राजाकडून हा डोंगर घेतला, बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव दिलं. दहा वर्षांत, १८३९ ला, त्याच राजाला गादीवरून ओढून काशीला धाडला. (१९०० साली बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या ज्या शाळेत घातलं, तिला आज याच प्रतापसिंहाचं नाव आहे.) डोंगर दिला-घेतला दोन मोठ्यांनी. डोंगरात राहणाऱ्याला कुणी विचारल्याचं माझ्या वाचण्यात नाही.

मग रस्ते कुणी केले? हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून गप्प बसलो. १८३४ च्या सुमारास इथं तुरुंग बांधला, चिनी अन् मलायी कैद्यांसाठी. १८६४ पर्यंत तो चालला. समुद्रापलीकडून आणलेली माणसं. त्यांनी इथले बरेचसे रस्ते फोडले, साहेबाच्या टेबलावरचा भाजीपाला पिकवला, वेताच्या वस्तू विणल्या. आज त्यांच्या नावाचा एक तरी पॉइंट दाखवा. ते आमचे जातवाले नव्हते, धर्माचे नव्हते, भाषेचे नव्हते. पण खडी फोडणाऱ्याचं नाव दगडावर कोरत नाहीत, हा कायदा त्यांना लागला तोच आपल्यालाही लागला. १९०१ साली याच जिल्ह्यात मसूर स्टेशनावर एका सुभेदाराच्या पोरांना गाडीवान मिळेना, दुप्पट भाडं देऊनही रस्ताभर पाणी मिळेना. ती पोरं कोण होती हे तुम्हाला सांगायला नको. साहेब लोकांना मात्र त्याच जिल्ह्यातला घाट चढायला वाहन मिळत होतं.

पाण्यावरून आठवलं. क्षेत्र महाबळेश्वरला देवळात गोमुखातून पाच नद्या पडतात म्हणे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री. भटजी त्याचं तीर्थ करतो. कृष्णा वाई, कऱ्हाड करत सांगलीला येते, २००५ ला अन् २०१९ ला घराघरात शिरली. सावित्री दुसऱ्या अंगानं उतरते, महाडावरून समुद्राला जाते. महाड! २० मार्च १९२७ ला ज्या गावात ओंजळभर पाण्यासाठी आपल्या बापजाद्यांची डोकी फुटली, त्या गावाशेजारून हेच तीर्थ वाहतं. डोंगरावर दोनशे इंचांच्या वर पाऊस पडतो. अन् मी गेलो त्या मे महिन्यात वेण्णा तलावात होड्या फिरत होत्या, वरच्या वाडीतल्या बाया झऱ्यावर वाटीवाटीनं हंडा भरत होत्या.

साहेब गेला. मुंबईचा शेठ आला. खाली पाचगणीत चेसनसाहेबानं दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर, तायघाट या गावांच्या मधोमध वसाहत थाटली होती, तिथं क्षयाची सॅनेटोरियमं झाली, बड्यांच्या पोरांच्या निवासी शाळा झाल्या. गव्हर्नरची उन्हाळी राजधानी होती ती शनिवार-रविवारची जत्रा झाली. २००१ ला सरकारनं हा भाग पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील ठरवला. झाडाला कायद्यानं संवेदना मिळाली, ठीक झालं. खराटेवाल्याला अजून मिळायचीय.

आपल्यातले नोकरीवालेही आता जातात. जावं! स्ट्रॉबेरी क्रीम खावं, घोड्यावर बसावं, आपल्या पैशानं. मला त्याचा आनंदच आहे. पण तो वाडगा मागं कोण विसळतंय, त्याला जरा नाव-गाव विचारा. फोटोत निळा कोट घालता न् बिल देताना मॅनेजरसारखं बोलता, हे चालणार न्हाय.

अन् आता खरी गोष्ट. 'नवीन महाबळेश्वर' येतंय. सातारा, जावळी, पाटण, महाबळेश्वर तालुक्यांतली २३५ गावं राज्य रस्ते विकास महामंडळाच्या हाती दिली. कोयनेच्या धरणात ज्यांचं बुडालं, त्यांच्याच उरलेल्या डोंगरावर आता रिसॉर्ट. जमिनीचा भाव चढला की दलाल पहिला कुठं येतो? वतनाच्या जमिनीवर. बाबासाहेबांनी १९२८ ला महार वतनाचं बिल कौन्सिलात मांडलं, वतन कायद्यानं गेलं ते १९५८ च्या कायद्यानं, ते गेल्यावर. जमिनी आपल्या नावानं परत झाल्या, पण शर्तीवर: कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायच्या नाहीत. सातबाऱ्यावर 'इनाम वर्ग ६ ब' असं बारीक लिहिलेलं असतं. म्हाताऱ्याला ते वाचता येत नाही, नातू पुण्याला, अन् दलाल दारात चहा पितोय. साठेखत, कुलमुखत्यारपत्र, अंगठा. झालं.

म्हणून पोरांनो, जयंतीचा डीजे एका रात्रीपुरता बंद ठेवा, त्या पैशात उतारे निघतील. कोयनाकाठच्या वाड्यांपासून सुरू करू. प्रत्येक बौद्धवाड्यात म्हातारी माणसं गाठायची, ६ ब ची नोंद शोधायची, कुणी काय सही घेतली ते वहीत लिहायचं. यायचं असेल त्यानं अंकाच्या पत्त्यावर कळवावं. डबा आपापला. पाण्याची बाटलीही घरनंच आणा, वर महाग मिळते.