मुकी रणभूमी

पडद्यावर युद्धाचा प्रसंग सुरू झाला की तोफांचा गडगडाट आणि जखमींचे कण्हणे त्याबरोबर ऐकू येणारच, असे आपण गृहीत धरतो. परंतु चित्र आणि ध्वनी यांची ही गाठ सहजासहजी पडलेली नाही. या दृष्टीने विल्यम डिक्सन या गृहस्थाची हकीकत मननीय आहे.

अमेरिकेत वेस्ट ऑरेंज येथे एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन काम करीत असे. १८९४ च्या अखेरीस अथवा १८९५ च्या आरंभी तेथे एक छोटे चित्र घेण्यात आले. एका प्रचंड कर्ण्यासमोर डिक्सन स्वतः व्हायोलिन वाजवीत आहे व शेजारी दोन पुरुष नाचत आहेत, एवढेच ते दृश्य. तेही सुमारे १७ सेकंदांचे. सूर मात्र त्याच वेळी फोनोग्राफच्या मेणाच्या नळीवर उमटत होते. पुढे ती नळी भंगली आणि चित्र मुके झाले. १९९८ साली तिचे तुकडे सांधून ध्वनी पुन्हा मिळविण्यात आला. २००० साली वॉल्टर मर्च या तज्ज्ञाने तो चित्राशी जुळविला. ताटातूट झालेली भावंडे शंभर वर्षांनी भेटली!

हाच डिक्सन १८९९ साली बोअर युद्धाची चित्रे घेण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत गेला. त्याच्यापाशी अवजड कॅमेरा होता, पण ध्वनी टिपण्याचे साधन नव्हते. जानेवारी १९०० मध्ये स्पिअन कॉपच्या रणसंग्रामानंतर जखमींच्या गाड्या तुगेला नदी ओलांडत असताना त्याने टिपल्या. त्याच लढाईतील जखमींना गांधीजींनी उभारलेल्या पथकातील हिंदी लोक स्ट्रेचरवरून वाहत होते. कधी कधी दिवसाकाठी २०-२५ मैल. चित्रात गाड्या पुढे सरकतात, परंतु चाकांची खडखड नाही, कण्हणे नाही, पाण्यासाठी मारलेली हाक नाही.

व्हायोलिनचा सूर हरवला होता, तो सापडला. तुगेलाकाठचा आक्रोश कोणी टिपलाच नाही; तो आता सापडणेही शक्य नाही. मुके युद्ध पाहून टाळी वाजविणे सोपे असते, कारण दुःख डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक लवकर अंतःकरणाशी पोहोचते.

वाचकहो, आज ध्वनीची वाण नाही. तरीही घरातील मुले युद्धाचे चित्र पाहत असतील, तेव्हा त्यांना जवळ घेऊन एवढेच विचारावे: ‘बाळांनो, यात कोणाचा आवाज ऐकू येत नाही?’