वत्सगुल्माची नायिका

आमच्या एका माजी विद्यार्थिनीने गेल्या पावसाळ्यात कादंबरीचे हस्तलिखित आमच्या हाती ठेवले. कादंबरी प्रेमाची आहे आणि विनोदी आहे. नायिका मंगरूळपीर तालुक्यातली, वडिलांचे कृषी सेवा केंद्र चालविणारी, अंगाने चांगली भरलेली. डीएपीचे पन्नास किलोचे पोते ती गड्याची वाट न पाहता उचलते. तिला पाहावयास आलेला मुलगा चहा होईपर्यंत गंमत म्हणून दुकानातल्या काट्यावर उभा राहतो, तेव्हा ती आकडा मोठ्याने वाचते आणि म्हणते, "तुमचंबी पाहून घेतो." आम्ही तिघांनी मराठीच्या स्टाफरूममध्ये हे प्रकरण वाचले आणि पुढचा तास बुडविला.

एका प्रकाशकाने मात्र हस्तलिखित दोन सूचनांसह परत केले. पहिली: विदर्भातील कादंबरीत विदर्भाचे वास्तव यावे. दुसरी: नायिकेत शेवटी काही 'परिवर्तन' दिसावे. परिवर्तन म्हणजे काय, हे दूरध्वनीवर स्पष्ट झाले. तिने बारीक व्हावे. या दोन सूचनांशी आमचे भांडण आहे. लेखिका आमची विद्यार्थिनी आहे, तिचे ऱ्हस्व-दीर्घ आम्हीच तपासले आहेत, तेव्हा आम्ही तटस्थ नाही हे आधीच सांगून टाकतो.

वास्तवाचे आधी पाहू. उद्धव शेळके यांची 'धग' आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. नामदेव कांबळे यांची 'राघववेळ' तर आमच्याच जिल्ह्याच्या मातीतली. तिला १९९५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा वाशिम हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता, तो १९९८ साली झाला. या कादंबऱ्यांपुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु त्यांच्या आधारे कोणी असा नियम काढू लागला की, पुण्यातील मुलीने कॉफी पीत प्रेमात पडावे आणि वाशिमच्या मुलीने फक्त कर्जात पडावे, तर त्याला वास्तववाद म्हणावयास आम्ही तयार नाही. सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षीही येथे लग्ने होतात, मुली हसतात, बसस्थानकावर कोणी कोणाची वाट पाहत उभे असते. आमच्या विद्यार्थिनीच्या कादंबरीत उधारीची वही पानोपानी आहे. ती वही नायिकेच्या हातात आहे, एवढेच प्रकाशकांना खटकले असावे.

शिवाय ज्यांना वाशिम आणि प्रेमविनोद यांचे नाते नवे वाटते, त्यांनी राजशेखर उघडावा. वाशिमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकाच्या संधीवर राजशेखराने 'काव्यमीमांसा' लिहिली. तिच्यात काव्यपुरुष आईवर, म्हणजे सरस्वतीवर, रुसून घर सोडतो. त्याला अडविण्यासाठी गौरी साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते. ती देशोदेशी त्याच्या मागे जाते, प्रत्येक प्रांतात निराळा वेष करते, आणि तो पुरता वश होतो तो विदर्भात. लग्न लागते वत्सगुल्म नगरात! रुसलेला नायक आणि पाठलाग करणारी नायिका: आजचा कोणताही प्रकाशक याला 'हलकेफुलके' म्हणून बाजूला ठेवील. याच राजशेखराच्या 'कर्पूरमंजरी' या प्राकृत सट्टकात मांत्रिक आपल्या सिद्धीने जी नायिका राजापुढे आणून उभी करतो, तीही वच्छोम नगरातली, म्हणजे आमच्याच गावची. हे नाटक रंगभूमीवर यावे अशी इच्छा राजशेखराच्या पत्नीची, अवंतिसुंदरीची होती. स्त्रियांना असले साहित्य आवडते, हा शोध आजचा नव्हे.

दुसऱ्या सूचनेबद्दल आम्हाला अधिक राग आहे. संस्कृत-प्राकृत कवींनी कंबर बारीक मागितली हे खरे, पण नितंबांच्या भाराने मंद झालेली चालही त्यांनीच गौरविली. 'मेघदूता'तील यक्षपत्नी तशीच चालते. शरीराचे वजन तेव्हा सौंदर्यात जमा होई. सडपातळ, गोरी, टेनिसच्या मैदानाजवळ शोभणारी नायिका आमच्या कादंबरीत ना. सी. फडके यांच्या पिढीने रूढ केली. त्यांच्यानंतर जाड बाई मराठी कथेत आली ती मावशी म्हणून, खाणावळवाली म्हणून, फार तर नायिकेची चिठ्ठी पोहोचविणारी मैत्रीण म्हणून. पडद्याने थोडी हिंमत दाखविली. सचिन कुंडलकर यांच्या 'वजनदार' (२०१६) या चित्रपटासाठी दोन आघाडीच्या अभिनेत्रींनी वजन वाढविले. २०२० साली सुरू झालेल्या 'सुंदरा मनामध्ये भरली' या मालिकेत अक्षया नाईक यांची लतिका घरोघरी पोहोचली (नाव मात्र लतिका, म्हणजे वेल!). तरी दोन्हींत वजन हाच प्रश्न आणि वजन हेच उत्तर. इंग्रजीतील ब्रिजेट जोन्सचेही तेच. हेलन फील्डिंग यांच्या १९९६ सालच्या त्या कादंबरीतील रोजनिशीची नोंद वजनाच्या आकड्यानेच सुरू होते.

आमच्या विद्यार्थिनीची नायिका जाड आहे आणि कथा दुसऱ्याच गोष्टीची आहे, ही नवी बाब प्रकाशकांच्या ध्यानात आली नाही. तिला बारीक करून शेवट करणे म्हणजे दोनशे पाने वाचकाला फसविल्याची कबुली देणे होय. आमच्या वर्गातील मुली परिचयपत्रावर 'सुदृढ बांधा' लिहून घेतात आणि पाहण्याच्या कार्यक्रमानंतर तीन-तीन दिवस वर्गात येत नाहीत. एक जण तर जेवण सोडून बसली होती. तिला समजावण्यास आमच्यापाशी भाषणे होती, हातात देण्याजोगे एकही मराठी पुस्तक नव्हते. त्या मुलीला आम्ही 'परिवर्तना'ची कादंबरी द्यावी काय?

हस्तलिखित आता दुसरीकडे धाडले आहे. शेवटचे प्रकरण लेखिकेने तसेच ठेवले आहे. त्यात लग्नाच्या सकाळी शालूवरचा ब्लाउज दंडात घट्ट होतो, नायिका शिंप्याकडून आतली शिलाई उसवून घेते, आणि पंगतीत जिलेबी दुसऱ्यांदा मागते.