मावशींच्या कामाला नाव काय?

सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे खुब्याचे हाड मोडले, की घरातले सगळे आधी सर्जनची चौकशी करतात. कुठले हॉस्पिटल, कोणता बॉल बसवणार, मेडिक्लेम किती मंजूर होईल, यावर पुण्या-मुंबईहून थेट न्यू जर्सीपर्यंत फोन होतात. शस्त्रक्रिया दीड-दोन तासांत आटोपते. आठवडाभरात घरी पाठवतात. आता हे माणूस पुन्हा चालणार की अंथरुणाला खिळणार, हे बऱ्याच अंशी एका बाईच्या हाती असते. ती बारा तासांच्या पाळीने ब्युरोकडून आलेली असते आणि तिला आपण मावशी म्हणतो.

म्हाताऱ्या माणसाला पडून राहणे मानवत नाही. स्नायू झपाट्याने जातात, पाठीला जखमा होतात, छातीत कफ भरतो. हे ओळखणारी डॉक्टर इंग्लंडात होऊन गेली, मार्जरी वॉरन. लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलच्या ताब्यात १९३५ साली शेजारचे गोरगरिबांचे इस्पितळ आले. तिथे सातशेहून अधिक रुग्ण होते, त्यांत बरेचसे वृद्ध आणि वर्षानुवर्षे खाटेवर पडलेले. या बाईंनी एकेकाला तपासले, उठून बसायला लावले, चालायला लावले. कित्येकजण चक्क घरी गेले. आज ब्रिटनमध्ये वृद्धांच्या पुनर्वसनाचे वेगळे वॉर्ड असतात आणि तिथे नर्सच्या जोडीला मदतनीस असतात. त्यांना 'हेल्थकेअर सपोर्ट वर्कर' असे रीतसर नाव आहे. तिथेही सारे आलबेल नव्हते. स्टॅफर्डच्या हॉस्पिटलात रुग्णांची जी हेळसांड झाली, तिचा चौकशी अहवाल २०१३ साली आला. त्याच वर्षी कॅमिला कॅव्हेंडिश यांनी या मदतनीसांच्या प्रशिक्षणाचा आढावा घेतला आणि २०१५ पासून इंग्लंडमध्ये त्यांच्यासाठी 'केअर सर्टिफिकेट' आले. पगार तिथेही फार नाही. पण काय यायला हवे, हे निदान कागदावर आहे.

आपल्याकडे असे वॉर्ड मोजकेच. हॉलमधला सोफा सरकवून तिथे भाड्याची खाट मांडायची, की झाला आपला पुनर्वसन वॉर्ड! माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी असा वॉर्ड तीन महिने चालला. अक्काचे वय एकोणऐंशी. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा अर्धा तास येत. बाकीचा सगळा दिवस बीडकडच्या एका मावशींचा होता.

अक्काने पाण्यासाठी हात पुढे केला की आम्ही सगळे धावायचो. आपल्याकडे सेवा म्हणजे हातात आणून देणे. मावशी मात्र पेला मुद्दाम दोन हात लांब ठेवायच्या. "पैसे घेते आणि कामं मलाच सांगते!" अक्का माझ्याकडे तक्रार करी. मावशी ढिम्म. "आजी, मी उचलणार न्हाई. वॉकर नका धरू, खुर्चीच्या हातावर जोर द्या अन् उठा. मी हाये मागं." त्या खरोखरच मागे असत, हात अक्काच्या कमरेपासून चार बोटांवर. पडू द्यायचे नाही आणि धरायचेही नाही, ही चार बोटे राखायला काय लागते ते मला तिथे बसून बसून कळले. माणूस आज थकले आहे की नुसते घाबरले आहे, हे त्यांना अक्काच्या श्वासावरून कळे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हे त्यांनी अक्काकडून रामरक्षेसारखे घोकून घेतले. खाली बसायला, मांडी घालायला डॉक्टरांनी मनाई केली होती आणि अक्काला तर पूजेचा पाट सुटेना. दोन दिवस रडारड झाली. तिसऱ्या दिवशी मावशींनी देव्हाराच उचलून जेवणाच्या टेबलावर ठेवला. देवांचीही सोय झाली.

याच मावशींचा कप आमच्या नातलगांच्या एका घरी वेगळा, फ्रीजमागच्या कोनाड्यात ठेवलेला असे. आईचे शरीर त्यांनी धुवायचे आणि चहा मात्र निराळ्या कपात. सुशिक्षित घर आहे. अधिक लिहीत नाही.

मी बँकेत होतो. २०१४ साली जनधन खाती उघडण्याची झुंबड उडाली, तेव्हा अशा कितीतरी बाया रांगेत असत. 'व्यवसाय' या रकान्यापाशी आल्या की थबकत. "पेशंट सांभाळते," म्हणत. अर्जावर 'घरकाम' लिहिले जाई. मावशींचा हिशेब मी बँकेच्या सवयीने विचारला. कुटुंबाने ब्युरोला द्यायचे किती आणि त्यांच्या हातात पडतात किती, यांतला फरक त्यांना तोंडपाठ होता. भविष्यनिर्वाह निधी नाही, भरपगारी सुट्टी नाही. पेशंट वारला की त्या दिवसापासून पगार बंद.

महाराष्ट्राला हे सोडवता येत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. माथाडी कामगारांचा कायदा आपण १९६९ साली केला, खाजगी सुरक्षारक्षकांचा १९८१ साली. दोन्हीकडे मंडळ असते. मालक आणि कामगार, दोघांची नोंद होते. मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची. त्यातून कामगाराला पगार, फंड, ग्रॅच्युइटी मिळते. अंमलबजावणीत खोट असेल, पण चौकट आहे. २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण त्यात मावशींना बसवायचे तर पुन्हा त्या 'घरकाम'वाल्याच! सोसायटीच्या फाटकावर बसणाऱ्या वॉचमनसाठी चाळीस वर्षांपूर्वी जे सुचले, ते आईला उभी करणाऱ्या बाईसाठी का सुचू नये? 'जनरल ड्यूटी असिस्टंट' नावाचा प्रशिक्षणक्रम आहे. ब्युरोकडे फोन करताना तो झालेली बाई आहे का, असे आपल्यापैकी किती जण विचारतात? आपण विचारतो ते दर आणि 'आजच येईल ना?'

अक्का आता वॉकर सोडून काठीवर आली आहे. मावशी सध्या पक्षाघात झालेल्या एका गृहस्थांकडे रात्रपाळीला आहेत. त्यांचा डावा हात लुळा पडला आहे. उठवताना तो हात धरून ओढू नका, खांदा निखळेल, हे घरच्यांना पटवण्यातच पहिला आठवडा गेला, असे परवा फोनवर सांगत होत्या.