मागचे आसन

कुरुंद्याहून वसमतला जाण्यासाठी जुनी, हौसेने एकआसनी करून घेतलेली बुलेट काढली, की मागे आणखी एक सीट असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मडगार्डवर गादी आवळणे म्हणजे आसन नव्हे; भार चेसिसने पेलला पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२८ नुसार आसन पक्के बसविलेले असावे. १९८९ च्या नियमांनुसार हाताला पकड, पायाला आधार आणि मागील निम्मे चाक झाकणारे साडीगार्डही आवश्यक आहे. विम्याची पॉलिसीही वाचावी. केवळ कायद्यापुरत्या तृतीय-पक्ष विम्यात मागे बसणाऱ्यास संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट केले आहे. मागे बसणारी व्यक्ती विश्वासाने जीव सोपविते. त्या ठेवीची जबाबदारी चालकाचीच.