डाव सारखा, खिसा वेगळा: दोस्तांच्या तिर्रटमध्ये गरीबच आधी का उठतो?

पोळा ते दिवाळी या दिवसांत एक बातमी ठरलेली असते. अमुक शिवारात झाडाखाली तिर्रट खेळणाऱ्यांवर पोलिसांची धाड, इतके जण ताब्यात, रोख रक्कम, मोबाइल, मोटारसायकली असा एवढ्या किमतीचा मुद्देमाल जप्त. आपण बातमी उघडतो, यादीत ओळखीचं कोणी आहे का बघतो आणि पुढं जातो.

पण धाडीत सापडतात ते डाव थोडेच. जास्त डाव चालतात ते गोठ्यात, कुणाच्या तरी माडीवर, गणपतीच्या जागरणाला मंडपामागं. तिथं अड्डेवाला नसतो, ओळखीचीच पाच-सहा पोरं असतात. विचारलं तर उत्तर एकच, "आम्ही काय जुगारी आहोत का? टाइमपास आहे. आज तू जिंकशील, उद्या मी. पैसा फिरून फिरून आपल्यातच राहतो."

हे खरंय का, एवढंच आज बघायचंय. कुणाला प्रवचन द्यायचं नाही, नुसता हिशेब करायचाय. शाळेत सातवी-आठवीत शिकलेलं गणित त्याला पुरतं.

आधी पत्त्यांचं बघू

तिर्रट म्हणा की तीन पत्ती, 52 पानांतून तीन पानं हातात येतात. अशी तीन पानं एकूण 22,100 प्रकारे येऊ शकतात. त्यातले ट्रेलचे प्रकार फक्त 52, म्हणजे सव्वाचारशे हातांत एक. पक्का सिक्वेन्स 48, साधा सिक्वेन्स 720, कलर 1,096, जोडी 3,744. उरलेले 16,440 हात कशातच बसत नाहीत, नुसत्या मोठ्या पानावर खेळायचे.

म्हणजे 100 हातांतले 74 हात साधी जोडीसुद्धा नसलेले. "आज पानंच येईनात" असं जो म्हणतो त्याचं नशीब रुसलेलं नसतं. पानं तशीच येतात, सगळ्यांनाच तशी येतात.

मग ट्रेलचे किस्से एवढे ऐकू का येतात? सहा जण रात्रभरात 50 डाव खेळले तर 300 हात वाटले जातात. एवढ्यात कुणाला तरी एकदा ट्रेल लागण्याची शक्यता जवळजवळ निम्मी. तो लागतो, त्याचा गवगवा होतो, सकाळी हॉटेलात चहावर तोच विषय असतो. पडलेल्या बाकी 299 हातांचं कोणी बोलत नाही.

इथवर मात्र सगळं सारखंच आहे. पत्ता कुणाला ओळखत नाही, मालकाला वेगळा आणि सालगड्याला वेगळा येत नाही. फरक पडतो तो पुढं.

पाचशेवाला आणि दोन हजारवाला

पत्ते बाजूला ठेवू आणि सगळ्यात सरळ खेळ घेऊ, छापा-काटा. दोन दोस्त. एक रोजंदारीवर जाणारा, खिशात ₹500. दुसरा बागायतदाराचा पोरगा, खिशात ₹2,000. प्रत्येक डाव ₹100 चा. नाणं खरं, कुणाची चलाखी नाही. दोघांपैकी एकाचा खिसा रिकामा होईपर्यंत खेळायचं.

आता सांगा, शेवटी कोण मोकळा होईल?

बहुतेक जण म्हणतील, नाणं खरं असेल तर पन्नास-पन्नास. तसं होत नाही. रोजंदारीवाल्यानं दुसऱ्याचे दोन हजार जिंकण्याची शक्यता 100 पैकी 20. त्याचेच पाचशे जाण्याची शक्यता 100 पैकी 80. गणितात याचा नियम सोपा आहे: दोघांचे मिळून ₹2,500, त्यात तुमचा वाटा जेवढा, तेवढीच तुमची सगळं जिंकायची शक्यता. पाचशे म्हणजे अडीच हजारांचा पाचवा हिस्सा, म्हणून पाचात एक.

कारण साधं आहे. नशीब कधी वर जातं, कधी खाली. पाच डाव मागं पडले की रोजंदारीवाला संपला. बागायतदाराच्या पोराला संपायला वीस डाव मागं पडावं लागतं. पंधरा डाव मागं पडूनही तो हसत बसलेला असतो आणि तेवढ्यात नशीब फिरतं. नशीब दोघांचंही फिरतं, फक्त फिरेपर्यंत थांबायची ऐपत एकाकडेच असते.

कोणी म्हणेल, पण लागलं तर दोन हजार मिळतात की. मिळतात. पाच रात्रींत एकदा ₹2,000 मिळाले आणि चार रात्री पाचशे-पाचशे गेले, तर हिशेब बरोबरीत सुटतो. कागदावर कुणाचाच तोटा नाही. पण ज्याच्या घरी पाचशे म्हणजे आठवड्याचा किराणा, त्याला चार आठवडे उधारीवर काढावे लागतात. पाचव्या रात्रीचे दोन हजार दुकानदाराच्या वहीतच जातात. बागायतदाराच्या पोराला मात्र पाचांतल्या चार रात्री जिंकल्याचा आनंद असतो. "पैसा आपल्यातच फिरतो" हे म्हणून खरं असलं तरी अर्धंच खरं आहे. फिरतो, पण चार वेळा एकाच दिशेला.

चांगलं पान असूनही पॅक

तीन पत्तीत याच्या वर आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे चाल. मोठ्या खिशाचा माणूस ब्लाइंड वाढवत नेतो. पानं बघून खेळणाऱ्याला त्याच्या दुप्पट द्यावे लागतात. शो मागता येतो तो शेवटी दोघंच उरल्यावर, आणि त्यालाही पैसे मोजावे लागतात. हातात कलर असला तरी खिशात पुढची चाल नसेल तर पानं खाली टाकायची. समोरच्याकडं गुलामसुद्धा नसतो आणि तो पैसे ओढून घेतो.

छापा-काट्यात निदान नाणं तरी निकाल देतं. इथं अर्धा निकाल खिसाच देतो.

खिसा आता मोबाइलमध्ये आहे

ही गोष्ट नवी नाही, पूर्वीही असंच व्हायचं. पण पूर्वी एक कुलूप होतं. खिशातले पैसे संपले की माणूस उठायचा. घरी जाऊन डब्यातले पैसे आणायचे तर बायको जागी व्हायची, आई विचारायची. त्या रस्त्यात निम्मी पोरं शुद्धीवर यायची.

आता खिसा संपत नाही. समोरच्याचा क्यूआर कोड, चार आकडी पिन, काम झालं. पाचशे घेऊन बसलेला माणूस पाचशेवर थांबत नाही, कारण खात्यात सोयाबीनची पट्टी आहे, विम्याचे पैसे आहेत, नाहीतर मुकादमानं टाकलेली उचल आहे.

याचंही गणित करू. उचलीचे ₹20,000 खात्यात असलेला एक आणि ₹1,80,000 खात्यात असलेला दुसरा. दोघं थांबायचंच नाही असं ठरवून बसले, तर पहिल्याची जिंकायची शक्यता दहात एक. दहापैकी नऊ वेळा उचल जाते.

आणि उचल गेली म्हणजे काय, हे आपल्या तालुक्यात कुणाला सांगायला नको. कोयता जोडीचा असतो. डावात बसला एकटा, पण ती उचल फेडायला थंडीत पहाटे फडात दोघांनाही उतरावं लागतं. जिनं पत्त्याला हात लावला नाही, तिच्याही हंगामाची मजुरी त्या रात्री गेलेली असते.

नाल, मटका आणि ॲप

दोस्तांच्या डावात निदान पैसा खेळणाऱ्यांतच राहतो. अड्ड्यावर तेही नाही. तिथं जागेवाला प्रत्येक डावातून नाल काढतो. वरच्याच उदाहरणात दोघांचे मिळून ₹200 मांडले आणि जागेवाल्यानं त्यातले फक्त ₹10 उचलले असं धरा. 100 डाव चालले तर ₹1,000 त्याचे. दोघांनी मिळून अडीच हजार आणले होते, राहिले दीड हजार. कोण जिंकला कोण हरला हा वाद नंतरचा, तो मात्र एकही पान न बघता जिंकला.

मटक्यात ही नाल भावातच असते. 0 ते 9 मधला एक आकडा, लागायची शक्यता दहात एक. भाव साधारण एकास नऊ. ₹10 दहा वेळा लावले, एकदा लागलं, तर ₹100 देऊन ₹90 परत. जोडीला शंभरात एक शक्यता आणि भाव साधारण नव्वद, म्हणजे तोच हिशेब. आकडा अगदी सचोटीनं काढला तरी हे असं. तो कोण काढतं आणि कुणासमोर, हे आणखी वेगळं.

"एकच जोडी धरून ठेव, शंभर दिवसांत लागणारच" असा सल्ला देणारे गावोगाव आहेत. शंभर दिवस रोज जोडी लावूनही एकदाही न लागण्याची शक्यता 37 टक्के आहे. शंभर जणांनी हा सल्ला ऐकला तर सुमारे 37 जण शंभर दिवस कोरडेच राहतील. कालच्या आकड्याला आजच्या आकड्याची आठवण नसते.

दुसरा सल्ला, हरलं की दुप्पट लावायचं. ₹50 पासून सुरू केलं आणि सलग सहा वेळा हरलं तर 50, 100, 200, 400, 800, 1,600 असे मिळून ₹3,150 गेले, आणि सातव्याला ₹3,200 हवेत. कशासाठी? सुरुवातीचे पन्नास जिंकायला. सलग सहा वेळा कोण हरतं, असं वाटत असेल तर ऐका: 100 वेळा नाणं उडवलं तर त्यात कुठंतरी सलग सहा वेळा उलटं पडण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे.

ॲपची गोष्ट याच्या पुढची. तिथं समोर दोस्त नसतो, खिशाला तळ नसलेली कंपनी असते. तुमचा खिसा आणि तिचा खिसा यांची तुलना वरच्या नियमात बसवून बघा, उत्तर शून्याच्या जवळ येतं. संसदेत ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला तेव्हा सरकारनं अंदाज दिला होता, देशात सुमारे 45 कोटी लोक वर्षाला सुमारे 20,000 कोटी रुपये यात घालवतात. भागाकार केला तर माणशी साडेचारशेही येत नाहीत. म्हणून हा आकडा ऐकून घाबरायला होत नाही. पण नुकसान असं सारखं वाटलं जात नाही. बरेच जण शंभर-दोनशे घालवून सोडून देतात आणि एखाद्याच्या घरची जमीन जाते.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्रात चालतो तो जुगार प्रतिबंधक कायदा 1887 चा. जागा देऊन त्यातून कमाई करणारा, म्हणजे नालवाला, हा त्याचा मुख्य रोख. सार्वजनिक जागी खेळताना सापडलेल्यांवर कलम 12 (अ) लागतं, तिथं "आम्ही दोस्तच होतो" हे चालत नाही.

ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदी घालणाऱ्या केंद्राच्या कायद्यावर 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची सही झाली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा फरक त्यात ठेवलेला नाही. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. नुसता खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. त्यानंतर मोठमोठ्या ॲपांनी पैशाचे खेळ थांबवले. म्हणून आता व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर "खेळा आणि जिंका" अशी लिंक आली तर ती कुणाची असेल याचा विचार करा. पैसे अडकले तर तक्रार करायला समोर कोणी असेलच असं नाही.

आणखी एक कलम फार कमी लोकांना माहीत आहे. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणं पैजेचा करार रद्दबातल असतो, जिंकलेले पैसे कोर्टात दावा लावून वसूल करता येत नाहीत. त्यामुळं डावात हरल्यावर कोणी कोऱ्या स्टँपवर किंवा कोऱ्या चेकवर सही मागत असेल तर करू नका. झाली असेल तर गप्प बसू नका, तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत जाऊन विचारा.

बसायचंच असेल तर

न बसलेलं बरं, हे सगळ्यांनाच माहीत आहे. तरी सणासुदीला पोरं बसतात. गणिताच्या बाजूनं एवढं सांगता येतं: सगळ्यांनी सारखीच रक्कम समोर ठेवायची, पाचशे तर सगळ्यांचे पाचशे. चालीला हद्द ठरवायची. मोबाइल दुसऱ्या खोलीत. उसने द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत. समोरची रक्कम संपली की उठायचं आणि उठणाऱ्याला कोणी हसायचं नाही. मग तो खेळ राहतो. शेंगदाणे मांडून खेळलात तर आणखी चांगलं.

यातल्या एकाही अटीला गटातला मोठ्या खिशाचा दोस्त तयार नसेल, तर तो खेळायला बसलेला नाही हे समजून घ्या.

ज्यांना आता थांबता येत नाही त्यांच्यासाठी दोन नंबर. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा 14416, मोफत आहे. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असतील तर लगेच 1930. आणि तिसरी गोष्ट नंबरशिवायची आहे. किती गेले तो खरा आकडा आज रात्री घरात सांगा. कर्ज लपवण्यासाठी खेळलेला डाव सगळ्यात महाग पडतो, कारण तिथं माणूस आपल्या खिशातला शेवटचा रुपयाही लावतो, आणि शेवटचा रुपया ज्याचा आधी संपतो तो कोण, हे वर आपण बघितलंच आहे.