थडग्यांचा शोध आणि आपले कर्तव्य

ब्रिटिश अमदानीत येथे मरण पावलेल्या आपल्या पूर्वजाचे थडगे कोणी शोधून द्यावे, अशी विनंती परदेशस्थ वंशज स्थानिक स्वयंसेवकांना करीत असतात. परक्यांसाठी आपण का राबावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर इराकमध्ये आहे.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात मराठा पलटणींचे अनेक शिपाई कामी आले. १९२९ साली बसरा येथे उभारलेल्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांची मात्र, अधिकारी वगळता, पलटणवार संख्याच. ही विषमता राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली मान्य करून क्षमा मागितली. आपल्या खेड्यांतील स्मृतिशिलांवरही कित्येक ठिकाणी ‘इतके गेले, इतके पडले’ एवढाच हिशेब आढळतो. त्यांच्या पणतवंडांनी विचारणा करावी तरी कोणत्या नावाची?

म्हणून राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी दोन्ही कामे अंगावर घ्यावीत: छावण्यांजवळच्या जुन्या दफनभूमींतील लेख उतरवून घ्यावेत आणि घरोघरची पदके, निवृत्तिवेतनाचे कागद पाहून आपल्या शिपायांची नावे नोंदवावीत. या श्रमाला बाजारात मोल नाही. पण संख्येचा पुन्हा माणूस करणे, हे सुशिक्षितांचे कर्तव्य नव्हे काय?