घरात सेटटॉप किती, आणि रिमोट कुणाच्या हातात?



दिवाळीच्या आधी अमरावतीच्या राजकमल चौकात जा नाहीतर अकोल्याच्या टिळक रोडवर, नव्या टीव्हीचे खोके रिक्षात चढताना दिसतातच. नवा टीव्ही घरी येतो आणि हॉलमध्ये लागतो. हॉलमधला जुना बेडरूममध्ये जातो. बेडरूममधला त्याहून जुना मागच्या खोलीत, म्हणजे सासूबाईंच्या किंवा आजेसासूबाईंच्या खोलीत. सेटटॉप बॉक्स आणि रिमोटचंही तेच. सगळ्यात चांगला हॉलमध्ये, आणि ज्याच्या रिमोटवरचे आकडे पुसले गेलेत, सेलचं झाकण हरवलंय, वर रबरबँड लावलाय, तो मागच्या खोलीत.

माझं मत सरळ आहे. हा क्रम उलटा पाहिजे. घरात बॉक्स आणि रिमोट निवडायचे तर सुरुवात मागच्या खोलीपासून करावी. हॉलमध्ये बसणाऱ्यांच्या हातात मोबाईल आहे, त्यांना डोळे आहेत, पाय आहेत, दुसरा काही विरंगुळा आहे. मागच्या खोलीतल्या माणसाला संध्याकाळ घालवायला बहुतेक वेळा तो एकच टीव्ही असतो.

१९८७ साली रविवारी सकाळी रामायण लागायचं तेव्हा एका टीव्हीसमोर अख्खी गल्ली बसायची. त्यात रिमोटचा प्रश्नच नव्हता. चॅनल एक, बटण एक. पुढे केबल आली. मग २००३ मध्ये देशात पहिली खासगी डीटीएच सेवा सुरू झाली आणि २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनची मोफत सेवा, जिला आज आपण फ्री डिश म्हणतो. आता खोलीगणिक टीव्ही आहे, आणि प्रत्येक टीव्हीला दोन रिमोट आहेत. आपल्या पिढीला ते हळूहळू जमत गेलं. आपल्या सासूबाईंसमोर ते एकदम येऊन पडलं.

आमच्या घरी चार खोल्या आणि तीन टीव्ही. सासऱ्यांच्या माघारी आई मागच्या खोलीतच जास्त असतात. संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताआधी होतं, मग प्रतिक्रमण, माळ. त्यानंतर झोपेपर्यंतचा दीड-दोन तासांचा वेळ त्यांचा. प्रवचनाचं चॅनल लावायचं, नाहीतर एखादी मराठी मालिका. पण काही महिने मला त्यांचा टीव्ही बंदच दिसायचा. विचारलं तर म्हणायच्या, "राहू दे वं, मले कुठं एवढं पाहाचं असते." एक दिवस नणंद अकोल्याहून आली, तिच्याजवळ मात्र त्या बोलल्या. "तो रिमोट काई माह्या हाताले येत नाही. भलतंच बटन दाबल्या जाते, मंग निळा पडदा येते. दरवेळी कोनाले आवाज द्यावा?"

मैत्रिणींनो, "राहू दे वं" हे वाक्य आपल्या घराघरात आहे. त्याला आपण वैराग्य समजतो. पुष्कळदा ते वैराग्य नसतं, लाज असते. दर वेळी हाक मारायची लाज. ज्या बाईनं चाळीस वर्षं घर चालवलं, तिला टीव्ही लावण्यासाठी नातवाची वाट पाहावी लागावी, हे मला पटत नाही.

तेव्हा नवीन कनेक्शन घेताना किंवा खोल्यांत बॉक्स वाटताना काय पाहायचं, ते माझ्या समजुतीप्रमाणे सांगते. फिटिंग करणारा मुलगा येतो तेव्हा तो घरातल्या पुरुषांशीच बोलतो. आपण चहा नेऊन देतो आणि परततो. तसं करू नका. तिथेच उभं राहा आणि विचारा.

पहिलं, खोल्या मोजू नका. एकाच वेळी वेगवेगळं पाहणारी माणसं किती, ते मोजा. एकाच बॉक्समधून वायर फोडून दोन टीव्ही चालवता येतात, पण मग दोन्हीकडे एकच चॅनल दिसतं आणि ते बदलणारा हॉलमध्ये बसलेला असतो. इकडे प्रवचन ऐन रंगात आलेलं असतं आणि तिकडून कुणीतरी क्रिकेट लावतं. आईंच्या खोलीसाठी हा मार्ग अजिबात नको. त्यांना स्वतंत्र बॉक्स हवा. मुलांच्या खोलीत मात्र मी बॉक्स देऊ नये असंच म्हणेन. त्यांनी हॉलमध्ये सगळ्यांसोबत पाहावं.

दुसरं, छत्री. दोन-तीन बॉक्ससाठी दोन-तीन छत्र्या लागत नाहीत. छत्रीच्या पुढे जो छोटा भाग असतो त्याला एलएनबी म्हणतात. तो एका, दोन किंवा चार तोंडांचा मिळतो. प्रत्येक बॉक्सला एलएनबीपासून आपली वेगळी वायर पाहिजे. कारण बॉक्स त्या वायरीतूनच वर निरोप पाठवतो की मला कोणत्या गटातली चॅनल हवीत. बऱ्याच छत्र्यांवर एकाच वायरीवर दोन बॉक्स जोडले की दोघांचे निरोप एकमेकांत अडकतात आणि एका खोलीतली काही चॅनल गायब होतात. आमच्याकडे आलेल्या मुलानं वायर वाचवायला असंच जोड मारून दिलं होतं. हॉलमध्ये सगळं ठीक, मागच्या खोलीत निम्मी चॅनल नाहीत. म्हणून आधीच सांगा, "दोन तोंडांचा एलएनबी लावा आणि मागच्या खोलीपर्यंत सलग वायर न्या, मधे जोड नको." आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, गच्चीवरची वायर तडकते. ती पाइपातून घालून घेतली तर पावसाळ्यात डोकेदुखी कमी होते.

छत्रीचं तोंड आपल्याकडून दक्षिण ते आग्नेय या बाजूला येतं. हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात आणि आपलं वऱ्हाड त्याच्या उत्तरेला आहे. तेव्हा त्या दिशेला कडुनिंबाची फांदी, पाण्याची टाकी किंवा शेजारचा नवा मजला येतोय का, ते आधी पाहा. आणि मुसळधार पाऊस असताना चित्र गेलं तर लगेच तक्रार करू नका. या लहरी जोराच्या पावसात क्षीण होतात. पाऊस ओसरला की चित्र आपोआप परत येतं.

तिसरं, महिन्याचा खर्च. बॉक्स एकदाच घेतला जातो, रिचार्ज मात्र दर महिन्याला लागतो. १ फेब्रुवारी २०१९ पासून आपल्याला हवी ती चॅनल निवडायची पद्धत आली, तेव्हा चॅनलच्या पैशांव्यतिरिक्त १३० रुपये आणि वर जीएसटी अशी नेटवर्क फी ठरली होती. २०२० मध्ये ट्रायनं नियम केला की त्याच घरातल्या दुसऱ्या-तिसऱ्या टीव्हीसाठी ही फी पहिल्याच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त नको, म्हणजे १३० च्या जागी फार तर ५२ रुपये. जुलै २०२४ मध्ये ट्रायनं या फीवरची मर्यादाच काढून टाकली. आता कंपनी ठरवेल ती फी. म्हणून दुसरा बॉक्स घेण्याआधी तीन प्रश्न विचारा: दुसऱ्या बॉक्सची महिन्याची फी किती? त्याचा पॅक वेगळा ठेवता येतो का? आणि चातुर्मासात टीव्हीचा नियम घेतला तर तो बॉक्स तेवढे दिवस बंद ठेवता येईल का? आईंना क्रीडा चॅनल नकोत आणि सिनेमाचीही नकोत. त्यांना पंधरा-वीस चॅनल पुरतात. हॉलचाच महागडा पॅक तिकडे कशाला?

ज्यांचं बजेट कमी आहे त्यांनी फ्री डिशचा जरूर विचार करावा. बॉक्स आणि छत्री एकदा घेतली की महिन्याचा खर्च नाही, बॉक्स तीन लावले तरीही नाही. फक्त हवं ते प्रवचनाचं चॅनल तिथे दिसतं का, तेवढं आधी कुणाच्या घरी पाहून घ्या. आणि लक्षात ठेवा, एका कंपनीचा बॉक्स सहसा दुसऱ्या कंपनीकडे चालत नाही. तो चालावा अशी शिफारस ट्रायनं २०२० मध्येच केली होती, पण तुमच्या-माझ्या घरात अजून ते आलेलं नाही. म्हणून घाईत स्वस्त म्हणून घेऊ नका.

आता चौथं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, रिमोट. दुकानात आपण टीव्हीचा पडदा पाहतो, रिमोट कुणीच हातात घेत नाही. मी म्हणते, आईंना दुकानात न्या आणि रिमोट त्यांच्या हातात द्या. बटणं मोठी आहेत का, आकडे ठळक आहेत का, आवाजाचं आणि चॅनलचं बटण नुसत्या बोटाला वेगळं कळतं का, ते त्यांनाच सांगू द्या. खूप गुळगुळीत, चार बटणांचे नवे रिमोट दिसायला छान, पण त्यात आकडेच नसतात. पडद्यावरच्या याद्यांत वर-खाली फिरत बसणं म्हाताऱ्या माणसाला जमत नाही. ४-५ आकडे पाठ असले की त्यांचं काम होतं.

साधा रिमोट अवरक्त किरणांवर चालतो, ते भिंतीतून जात नाहीत. बॉक्स कपाटात किंवा टीव्हीच्या मागे लपवला तर रिमोट चालणार नाही, आणि आई समजतील की आपलंच चुकतंय. बॉक्स समोर उघडा ठेवा, देखणेपणा गेला तरी चालेल. आणि हॉल व स्वयंपाकघर एकच असेल, तिथे एकाच कंपनीचे दोन बॉक्स असतील, तर एका रिमोटनं दोन्ही बदलतात, तेही ध्यानात असू द्या.

निळ्या पडद्याचं मूळ बहुतेक वेळा टीव्हीच्या रिमोटवरचं "सोर्स" बटण असतं. ते चुकून दाबलं की "नो सिग्नल" येतं. बऱ्याच सेटटॉपच्या रिमोटला टीव्ही चालू-बंद करणं आणि आवाज कमी-जास्त करणं शिकवता येतं. फिटिंगवाल्याकडून ते करूनच घ्या आणि टीव्हीचा रिमोट कपाटात ठेवून द्या. आमच्याकडे आता आईंजवळ एकच रिमोट आहे. चालू-बंदच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका, आवाजाच्या बटणावर पांढरा. पुठ्ठ्यावर मोठ्या मराठी अक्षरांत पाच चॅनलची नावं आणि आकडे लिहून पलंगाजवळ लावलेत. रिमोट चालेनासा झाला तर मोबाईलचा पुढचा कॅमेरा सुरू करून त्यासमोर बटण दाबायचं. जांभळट उजेड दिसला तर रिमोट ठीक आहे, नाही दिसला तर आधी सेल बदला. या साऱ्याला खर्च किती? जवळजवळ शून्य. आता आई कुणाला हाक मारत नाहीत.

काही जणी म्हणतील, आपण तर अपरिग्रह मानणारे, आणि ही तीन-तीन बॉक्स घ्यायचा सल्ला देतेय. प्रश्न बरोबर आहे. पुन्हा पुन्हा वापरायच्या वस्तूला आपल्याकडे उपभोग म्हणतात, आणि भोगोपभोग परिमाण व्रतात त्याची मर्यादा आपणच घालायची असते. माझ्या मते ही मर्यादा वरून खाली घालावी. हॉलमध्ये मोठ्यात मोठा पडदा आणि आईंच्या वेळी "कशाला हवं आता या वयात", ही मर्यादा नव्हे, सोय आहे, आणि ती आपली सोय आहे. मी तर म्हणेन, एकच जास्तीचा बॉक्स परवडत असेल तर तो आईंना द्या आणि आपल्या बेडरूममधला टीव्ही काढून टाका. आम्ही बेडरूमचा विचार त्यासाठीच पुन्हा करतोय.

आणि मर्यादेचीच गोष्ट निघाली तर विजेचीही मोजा. रिमोटनं बंद केलेला सेटटॉप खरा बंद होत नाही. बॉक्स समजा १० वॅट घेत असेल, तर दिवसरात्र चालू राहून महिन्याला ७ युनिटच्या वर जाते. तीन बॉक्सची २१ युनिटच्या वर. कुणी पाहत नसताना. विनाकारण होणाऱ्या हिंसेपासून वाचायचं आपण रोज म्हणतो, तर रात्री झोपताना बोर्डावरचं बटण बंद करणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम आहे. आईंच्या खोलीत मात्र बोर्ड त्यांच्या हाताला येईल अशा उंचीवर घ्या. वाकून, पलंगामागे हात घालून बटण दाबायला लावू नका.

मुलांना टीव्ही कसा वापरायचा हे आपण शिकवत नाही, ते पाहून शिकतात. आजीचा टीव्ही घरात सगळ्यात आधी नीट लावला जातो, तिच्या आवडीचं चॅनल तिनंच लावलं की कुणी बदलत नाही, हेही ती पाहतच असतात. उद्या मागच्या खोलीत आपणच असणार आहोत. तेव्हा हातात कोणता रिमोट येईल, ते आज आपल्या घरात ठरतंय.

जय जिनेंद्र.